शॉर्ट बेड पिकअपसाठी फिफ्थ व्हील हिच: आधी टेप, मग ट्रेलर, हिच सगळ्यात शेवटी

अमेरिकेत आरव्ही (चाकांवरचं घर) घेणाऱ्या आपल्या मंडळींचं बऱ्याचदा असं होतं की डीलरच्या लॉटवर मोठा फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचं नाक पिकअपच्या बेडवर, म्हणजे मागच्या उघड्या भागावर, येतं आणि बेडमधल्या हिचला, म्हणजे जोडणीला, अडकतं) आवडतो, सौदा होतो, सेल्समन म्हणतो हिच आम्हीच बसवून देऊ, आणि पहिल्याच कॅम्पग्राउंडमध्ये रिव्हर्स घेताना ट्रेलरचा कोपरा पिकअपच्या मागच्या काचेला भिडतो. किंवा उलट, कुणीतरी घाबरवलं म्हणून सगळ्यात महागडी ऑटो स्लायडर (वळताना आपोआप मागे सरकणारी) हिच घेतली जाते, जिची त्या ट्रकला गरजच नसते. दोन्हीकडे भानगड एकच, क्रम चुकला. लोक ट्रेलर घेतात, मग हिच घेतात आणि मोजमाप मात्र काच फुटल्यावर काढतात.

आधी कोणासाठी हे सगळं ते. पिकअपचा पूर्ण लांबीचा बेड ८ फुटी असतो. शॉर्ट बेड म्हणजे हेवी ड्यूटी ट्रकमध्ये साधारण ६ फूट ४ इंच ते ६ फूट ९ इंच, आणि हाफ टन (मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गाच्या) ट्रकमध्ये ५.५ फुटांच्या आसपास. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ६ फूट ९ इंच वाल्याने दिलेला सल्ला ५.५ फूट वाल्याने डोळे झाकून घेऊ नये. हिचचा मध्य मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा एक-दोन इंच पुढे ठेवावा लागतो, मागे कधीच नाही, कारण मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. शॉर्ट बेडमध्ये ॲक्सल केबिनच्या जवळ असतो, म्हणून हिच जवळ, म्हणून ट्रेलरचं नाक जवळ.

(न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे ट्रेलर बघितले असतील, तत्त्व तेच आहे, फक्त तिथे ट्रॅक्टरची केबिन आणि कंटेनर यांच्यात जागा सोडूनच गाडी बनवलेली असते. पिकअप त्या हिशोबाने बनवलेला नाही, तो हिशोब आपल्याला करायचा आहे.)

## हाताशी काय लागेल

२५ फुटी टेप, ओळंबा (नट बांधलेली दोरी चालते), खडू, फोनमधलं लेव्हलचं ॲप, आलेख कागद, एक टाचणी आणि थोडा पुठ्ठा. ट्रकच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो. ट्रेलरच्या बाहेर डाव्या बाजूला पुढे चिकटवलेल्या वजनाच्या लेबलचा फोटो, ब्रोशरचा नाही. आणि सपाट जमीन. उतारावरच्या ड्राइव्हवेवर काढलेली मापं टाकून द्या, त्यांचा उपयोग नाही.

## १. दारावरचा स्टिकर वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायरच्या माहितीचं पांढरं-पिवळं लेबल असतं. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. तो तुमचा पेलोड. जाहिरातीत १५,००० पाउंड ओढतो असं लिहिलेलं असतं तो आकडा सध्या विसरा, फिफ्थ व्हीलमध्ये जवळपास नेहमी आधी पेलोड संपतो, ओढायची ताकद नंतर.

कारण फिफ्थ व्हील आपल्या वजनाचा मोठा वाटा सरळ ट्रकच्या बेडवर टाकतो. ट्रेलरच्या नाकाखालचा पिन हिचमध्ये बसतो, म्हणून त्याला पिन वेट म्हणतात. ते भरलेल्या ट्रेलरच्या १५ ते २५ टक्के असतं, हिशोबासाठी २० टक्के धरा.

उदाहरण घेऊ. पाऊण टनी (हाफ टनच्या वरच्या वर्गाचं) डिझेल, क्रू कॅब (चार दारांची केबिन), फोर बाय फोर. डिझेल इंजिनच जड असल्यामुळे अशा ट्रकच्या स्टिकरवर २,३५० सारखा आकडा निघतो आणि मालकाला धक्का बसतो.

पेलोड: २,३५० पाउंड
चार माणसं: वजा ६००
हिच: वजा २००
बेडमधलं सामान, कूलर, हत्यारं: वजा १५०
उरले: १,४००

१,४०० हे पिन वेट. २० टक्क्यांनी उलटा हिशोब करा, ट्रेलर भरून ७,००० पाउंडांचा आला. आता लॉटवर जाऊन बघा ७,००० पाउंडांच्या आत भरलेला फिफ्थ व्हील किती मिळतात ते. फार नाही.

इथे चार चुका सारख्या दिसतात.

एक, ब्रोशरमधलं ड्राय पिन वेट धरणं. त्यात बॅटरी नाही, प्रोपेन नाही, सामान नाही, आणि फिफ्थ व्हीलमध्ये सामान ठेवायचा मोठा कप्पा नेमका पिनच्या मागे असतो, बेडरूमचं कपाट तर पिनच्या वरच. म्हणजे जे भराल ते बरंचसं पिनवर येणार. हिशोब ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरवर (कंपनीने ठरवलेलं भरलेल्या गाडीचं कमाल वजन) करायचा, रिकाम्या वजनावर नाही.

दोन, हिचचं स्वतःचं वजन विसरणं. साधी फिक्स्ड (जागेवरून न हलणारी) हिच १०० ते १५० पाउंड, मागे सरकणारी स्लायडर त्याहून बरीच जड.

तीन, मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवा भरलेल्या स्प्रिंग) लावल्या म्हणजे पेलोड वाढला असं समजणं. एअरबॅगने ट्रकची मागची बाजू वर उचलली जाते, स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. ॲक्सल, टायर, फ्रेम, ब्रेक काहीच बदललेलं नसतं.

चार, ट्रेलरच्या बाजूवर "हाफ टन टोएबल" लिहिलेलं वाचून निश्चिंत होणं. तो मार्केटिंगचा शब्द आहे, तुमच्या ट्रकचा स्टिकर त्यांनी बघितलेला नाही.

तपासा: उरलेला आकडा ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेच थांबा. पुढची कुठलीही हिच हा प्रश्न सोडवत नाही. ट्रेलर लहान करा किंवा ट्रक मोठा.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी लायसन्सचंही इथेच बघून घ्यावं, तिथे १०,००० पाउंडांच्या वरच्या फिफ्थ व्हीलला साध्या लायसन्सवर वेगळी एंडॉर्समेंट लागते आणि १५,००० च्या वर नॉन-कमर्शियल क्लास ए. बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, आपापल्या डीएमव्हीचं हँडबुक बघा.

## २. केबिनपासून ॲक्सलपर्यंत

मागच्या चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबच्या मधोमध, ओळंबा लावून बेडच्या वरच्या कडेवर खडूने खूण करा. दुसऱ्या बाजूलाही तेच. दोन्ही खुणा दोरीने जोडल्या की बेडवरून जाणारी ॲक्सलची रेघ मिळाली. आता त्या रेघेपासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंत मोजा.

बेडच्या आतल्या भिंतीपर्यंत नाही, केबिनपर्यंत. बेड आणि केबिनमध्ये फट असते आणि ट्रेलरचं नाक बेडच्या वरून जाणार आहे, त्यामुळे आपल्याला काच आणि पत्रा कुठे आहे त्याच्याशी मतलब. मोजायचं पण काचेच्या उंचीवर. केबिनच्या मागे काही बाहेर आलेलं असेल, काचेचा गार्ड असेल, बेडमध्ये आडवा टूलबॉक्स किंवा जादा डिझेलची टाकी असेल, तर माप तिथपर्यंतच. टूलबॉक्स ठेवून स्लायडर लावणारे लोक आहेत, मग हिच मागे सरकते ती त्या बॉक्समुळे वाया गेलेली जागा भरून काढायला.

६.५ फुटी बेडच्या ट्रकमध्ये हे माप ३८-४० इंचांच्या आसपास येतं, ५.५ फुटी हाफ टनमध्ये ३० च्या आसपास. हे फक्त अंदाजासाठी, तुमचा ट्रक तुम्हीच मोजा.

तपासा: हिच ॲक्सलच्या किती पुढे बसणार ते या मापातून वजा केलं का? ३९ इंच अंतर आणि हिच १ इंच पुढे, तर हातात ३८ इंच.

## ३. ट्रेलरचं नाक मोजा

अमेरिकेत ट्रेलरची रुंदी जास्तीत जास्त १०२ इंच असते, बरेच ९६ इंचांचे येतात. ट्रक पूर्ण ९० अंशात वळला की ट्रेलरची बाजू केबिनकडे तोंड करते, म्हणजे पिनपासून केबिनकडे ट्रेलरची अर्धी रुंदी येते, ४८ किंवा ५१ इंच. हातात ३८ आहेत. गणित सरळ आहे, बसत नाही.

पण हे झालं चौकोनी नाकाचं. आता बहुतेक ट्रेलरचं नाक गोल किंवा कोपरे कापलेलं असतं, शिवाय पिनबॉक्स, म्हणजे ज्याला खाली किंगपिन असतो तो नाकाखालून पुढे आलेला पोलादी भाग, कमी-जास्त लांब असतो. त्यामुळे नुसत्या रुंदीवर निकाल देऊ नका, आकृती काढा.

आलेख कागदावर २ मिलिमीटर म्हणजे १ इंच असं प्रमाण धरा. केबिनची मागची भिंत एक रेघ, तिच्यापासून तुमच्या मापावर हिचचा बिंदू. पुठ्ठ्यातून ट्रेलरचं नाक वरून दिसतं तसं कापा. त्यासाठी ट्रेलरखाली जाऊन पिनच्या मध्यापासून नाकाच्या टोकापर्यंत, आणि पिनच्या रेषेपासून मागे दर ६ इंचांवर मध्यापासून बाजूपर्यंत किती रुंदी आहे ते लिहून घ्या, साधारण ४० इंच मागेपर्यंत. केबिनची अर्धी रुंदी साधारण तेवढीच असल्यामुळे त्याच्या मागचा भाग केबिनला लागत नाही. पुठ्ठा पिनच्या जागी टाचणीने कागदाला टोचा आणि फिरवा. कुठल्या अंशात भिडतो ते डोळ्यांनी दिसेल. डीलरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हे खरं.

मी ३८ इंचांवर हिशोब करून काही आकडे देतो म्हणजे अंदाज येईल. ९६ इंची सरळ चौकोनी नाक, पिन नाकाच्या रेषेत: साधारण ५२ अंशांवर भिडतं. तोच ट्रेलर पण लांब पिनबॉक्स, पिन नाकाच्या १२ इंच पुढे: ६४ अंशांच्या आसपास. १२ इंच मागे सरकणारी स्लायडर लावली की हातात ५० इंच, मग ९६ इंची नाक ९० अंशातही २ इंच राखून जातं. पण १०२ इंची चौकोनी नाक स्लायडर लावूनही ७८-७९ अंशांवर टेकतं. ५.५ फुटी बेडवर, ३० इंच धरले तर, फिक्स्ड हिचवर ९६ इंची नाक ३९ अंशांतच केबिनला लागतं आणि १२ इंची स्लायडरवर ६१ अंशांत. म्हणजे ५.५ फुटी बेडला साधी स्लायडर लावली की प्रश्न मिटला असं जे सांगितलं जातं ते चौकोनी नाकाच्या बाबतीत खरं नाही.

सावध: कागदावर २ इंच मोकळे दिसले म्हणजे पुरेसं नाही. पेट्रोल पंपाच्या तोंडाशी खड्डा असतो, ट्रक चढतो आणि ट्रेलर अजून खालीच असतो, किंवा ट्रकचं एक चाक उंच जातं, तेव्हा नाक केबिनकडे झुकतं. निदान ४ इंच ठेवा.

"शॉर्ट बेड फ्रेंडली", "९० अंश वळतो" असं लिहिलेले ट्रेलर असतात आणि त्यातले बरेच खरंच वळतात, पण ते बहुतेक ६.५ फुटी बेड धरून लिहिलेलं असतं. कुठला बेड आणि कुठला पिनबॉक्स ते लेखी विचारा.

## ४. आता कुठे हिचचा प्रकार

वरच्या तीन पायऱ्या झाल्या असतील तर उत्तर जवळजवळ आपोआप निघतं. चार पर्याय आहेत.

फिक्स्ड. हलकी, स्वस्त, बिघडायला काही नाही. हेवी ड्यूटी ट्रक, ६ फूट ९ इंच बेड, कोपरे कापलेलं नाक, आणि पुठ्ठ्यावर ७०-७५ अंशांपर्यंत ४ इंच मोकळे राहत असतील तर माझं मत स्पष्ट आहे, फिक्स्ड घ्या. पुढे जाताना इतका कोन सहसा होत नाही, तो होतो रिव्हर्समध्ये, आणि रिव्हर्समध्ये कोन आपल्या हातात असतो. एकदा पुढे घेऊन परत मागे येणं हा काही कमीपणा नाही. पण रिव्हर्सची सवय नसेल, किंवा जुन्या स्टेट पार्कमधल्या झाडांच्या अरुंद जागा आवडत असतील, तर पुढचं वाचा.

मॅन्युअल स्लायडर. हिच बेडमध्ये रुळावर १०-१२ इंच मागे सरकते. हिच्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त. ही आपोआप सरकत नाही. वळायच्या आधी थांबायचं, खाली उतरायचं, आणि हे करायचं:

१. ट्रक आणि ट्रेलर एका सरळ रेषेत, सपाट जागेवर. आधीच तिरके असाल तर बऱ्याचदा सरकत नाही.
२. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे.
३. स्लाइडचा लिव्हर ओढून मोकळा करायचा.
४. ब्रेक कंट्रोलरने (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं केबिनमधलं यंत्र) ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा. हिच जागेवर राहते, ट्रक तिच्याखालून पुढे सरकतो.
५. लॉक बसल्याचा आवाज आला तरी उतरून डोळ्यांनी बघायचं.
६. ठोकळे काढायचे, मग वळायचं.
७. काम झालं की परत सरळ रेषेत येऊन, ठोकळे लावून, ट्रक मागे घेऊन हिच पुढच्या जागी लॉक करायची.

सावध: शेवटची पायरी विसरून हायवेला लागू नका. मागे सरकलेल्या हिचवर वजन ॲक्सलच्या मागे पडतं, वर सांगितलेली हलक्या पुढच्या चाकांची परिस्थिती तीच.

दुसरं सावध: स्लाइडचा लिव्हर आणि जबडा (हिचच्या डोक्यातला पिनला धरणारा भाग) उघडायचा लिव्हर शेजारी-शेजारी असतात. अंधारात, पावसात, घाईत चुकीचा ओढला तर ट्रेलर सुटून बेडच्या कडेवर पडतो. एकाला लाल टेप गुंडाळा, जबड्याच्या लिव्हरला कुलूप लावा.

ऑटो स्लायडर. ट्रक वळला की हिच वळणाच्या कोनाप्रमाणे आपणच मागे जाते, सरळ झाला की पुढे येते. पुलराइटची सुपरग्लाइड, डेमकोची हायजॅकर ऑटोस्लाइड ही नावं यात नेहमी येतात. उतरायचं नाही, विसरायचं नाही. ५.५ फुटी बेड आणि वारंवार फिरणारं कुटुंब असेल तर हीच बघावी. पण जड असतात, महाग असतात, आणि सुपरग्लाइडसारख्या हिचमध्ये पिनबॉक्सच्या खाली एक प्लेट घट्ट बसवावी लागते म्हणजे पिन हिचच्या डोक्यात स्वतंत्र फिरत नाही. ती प्लेट तुमच्या पिनबॉक्सच्या मॉडेलला मिळते का, हे हिच घ्यायच्या आधी बघायचं. हिच आली, बसवली आणि प्लेटच मिळत नाही, असं झालेले लोक कमी नाहीत. आणि १ नंबरच्या पायरीवर परत जा, हिचसाठी धरलेले २०० पाउंड बदलून खरा आकडा टाका, कारण हाफ टनमध्ये तेवढ्यानेच गणित मोडतं.

फिरणारा पिनबॉक्स. रीसचा, पूर्वी साइडवाइंडर म्हणायचे तो. यात हिच फिक्स्डच राहते, तिच्या डोक्यात पाचर बसवून पिन फिरायचा बंद करतात आणि वळण्याचा बिंदू पिनबॉक्सच्या आत साधारण २२ इंच मागे जातो. हलत्या भागांची कटकट ट्रकमधून ट्रेलरवर जाते. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, बिंदू मागे गेला की त्याच्या पुढे उरलेलं नाकही तेवढंच लांब होतं, आणि चौकोनी कोपरा असेल तर तो कोपरा मोठा फेरा घेतो. पुठ्ठ्यावर टाचणी २२ इंच मागे टोचून, आणि हिचचं अंतर २२ ने वाढवून, परत फिरवून बघा. गोल नाकाला छान चालतं. आणि याच्यासोबत ऑटो स्लायडर लावायची नाही, दोन्ही एकमेकांना नडतात.

एक पाचवा मार्ग म्हणजे किंगपिनला गूजनेकचा कपलर (बेडमधल्या पोलादी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, बसणारी जोडणी) लावून बॉलवर ओढणं. हलकं पडतं खरं, पण पिनबॉक्सवर लांब दांड्याचा पिळ येतो आणि ट्रेलरच्या फ्रेमची वॉरंटी त्यामुळे जाऊ शकते. फ्रेम बनवणाऱ्याचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय करू नका.

## ५. बेडमध्ये ती धरणार कशाला

तीन रस्ते. ट्रक फॅक्टरीतून फिफ्थ व्हील प्रेप पॅकेजसह आला असेल तर बेडच्या तळाशी गोल झाकणं दिसतील, त्याखाली पक, म्हणजे हिच अडकवायच्या तयार खाचा. फोर्ड सुपर ड्यूटी, जीएमचे हेवी ड्यूटी, रॅमचे हेवी ड्यूटी, पकची रचना सगळ्यांची एकच नसते, हिच तुमच्या ट्रकच्या पकला बसणारीच लागते. सगळ्यात सुटसुटीत हेच, हिच काढली की बेड मोकळा.

बेडच्या मध्ये गूजनेकचा बॉल असेल तर त्या भोकात बसणाऱ्या हिच येतात, बी अँड डब्ल्यूची कंपॅनियन ही त्यातली माहितीतली. पण ती त्याच कंपनीच्या गूजनेकवर बसते, कुठल्याही भोकात नाही.

दोन्ही नसेल तर रेल. बेडला आडव्या दोन पट्ट्या, खालून फ्रेमला ब्रॅकेट. आफ्टरमार्केट हिच बहुतेक याच ठरलेल्या मापाच्या रेलवर बसतात, त्यामुळे पुढे हिच बदलली तरी रेल राहतात. होम डेपोतून प्लायवूड आणताना त्या मध्ये येतात, ती एक कुरकुर आहेच.

सावध: ब्रॅकेट किट तुमच्या ट्रकच्या मॉडेल आणि वर्षासाठीच बनवलेली घ्या. एफ-१५० चा बेड २०१५ पासून आणि सुपर ड्यूटीचा २०१७ पासून ॲल्युमिनियमचा आहे, जुन्या ट्रकची ब्रॅकेट त्यांना चालत नाहीत. फ्रेमला वेल्डिंग करतो म्हणणाऱ्या माणसाकडून गाडी घरी आणा.

## ६. डोकं, जबडा, रेटिंग

यात फार वेळ घालवायची गरज नाही. रेटिंग दोन असतात, एकूण वजनाचं आणि पिनवरच्या वजनाचं, दोन्ही ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या हिशोबात बसली पाहिजेत. २०,००० ची हिच घेतल्याने ट्रक २०,००० ओढत नाही, साखळीत सगळ्यात कमी आकडा चालतो. चाचणी एसएई जे२६३८ या हिचसाठीच्या मानकाप्रमाणे झाली आहे का ते बघा.

डोकं चारही दिशांना झुलणारं घ्या, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे. ओबडधोबड जमिनीवर ट्रेलर जोडताना-सोडताना फरक कळतो. जबडा पिनला दोन्ही बाजूंनी पूर्ण कवटाळणारा असला की झटके आणि खडखड कमी.

## ७. उंची

हे शेवटी आठवतं आणि इथेच बेडच्या कडा चेपतात. आजचे फोर बाय फोर ट्रक उंच आहेत.

ट्रेलर लेव्हल उभा करा, फोनच्या ॲपने तपासा. जमिनीपासून नाकाच्या पोटापर्यंत मोजा. ट्रकच्या बेडच्या कडेची उंची मोजा आणि त्यातून वजनाने ट्रक जेवढा खाली बसेल ते वजा करा, साधारण दोन इंच धरा. दोन्हीतला फरक ५.५ ते ६ इंच तरी हवा. समजा कडा ५८ इंचांवर, बसल्यावर ५६, तर नाकाचं पोट ६२ ला हवं.

फरक कमी पडला तर लोक हिच वर करतात. मग ट्रेलरचं नाक वर, शेपूट खाली, आणि ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार, टायर फुटायला निमित्त. एक-दोन भोकं वर चालतील, त्यापुढे ट्रेलरची सस्पेन्शन उंच करायची की कसं ते जाणत्या दुकानात विचारा.

तपासा: टेलगेट बंद असताना पिनबॉक्स त्यावरून जातो का? सहसा जात नाही. जोडताना आणि सोडताना टेलगेट खाली, हे डोक्यात पक्कं.

## ८. बसवून घेताना

स्वतः बसवा किंवा दुकानातून, या गोष्टी स्वतः बघा. भोकं पाडायच्या आधी खालून ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग कुठे आहे ते. बेडच्या तळाला नालीदार पत्रा असतो, बोल्ट आवळला की तो चेपतो, म्हणून मधे स्पेसर हवेतच. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, किटमधल्या आकड्यावर, अंदाजाने "चांगला कसला" नाही. पहिला प्रवास झाला की परत टॉर्क तपासायचा.

सात पिनचा प्लग बेडच्या आतल्या बाजूला काढून घ्या. बंपरवरून ओढलेली वायर टेलगेटमध्ये चिरडते. स्लायडर असेल तर हिच पूर्ण मागे आणि ट्रेलर पूर्ण वळलेला असतानाही वायर ताणली जात नाही ना हे बघा. ब्रेकअवेची केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) ट्रकच्या पक्क्या जागी अडकवा, हिचच्या हँडलला नाही, कारण हिचच उखडली तर ब्रेक लागणार कसे.

## ९. पहिली जोडणी, रिकाम्या मैदानात

सुट्टीच्या दिवशी एखाद्या शाळेचं किंवा चर्चचं रिकामं पार्किंग, परवानगी विचारून. सोबत एक माणूस पाहिजेच.

१. ट्रेलरला ठोकळे. टेलगेट खाली. हिचच्या डोक्यावर ग्रीस किंवा प्लास्टिकची चकती.
२. ट्रेलरची उंची अशी करा की पिनबॉक्सची प्लेट हिचच्या डोक्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली असेल, म्हणजे मागे येताना हिच ट्रेलरला किंचित उचलते. प्लेट वर राहिली तर पिन जबड्याच्या वरच अडकतो, जोडलं गेल्यासारखं दिसतं आणि पहिल्या वळणाला ट्रेलर बेडवर.
३. हळू मागे, खट आवाज, गाडी पार्कमध्ये.
४. टॉर्च घेऊन जबडा पिनभोवती बंद आहे का आणि प्लेट आणि डोकं यांच्यात फट नाही ना ते बघा. लिव्हर बंद जागी, त्यात क्लिप किंवा कुलूप.
५. वायर, ब्रेकअवे लावा. टेलगेट वर.
६. पुढचे पाय जमिनीपासून जेमतेम उचला, पूर्ण नाही. ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. सुटणार असेल तर इथेच, इंचभर उंचीवरून सुटेल.
७. मग पाय पूर्ण वर, ठोकळे बाहेर.

आता वळवून बघा. सोबतचा माणूस बेडच्या बाजूला, केबिन आणि नाकाच्या मधल्या फटीत नाही. चालण्याच्या वेगाने रिव्हर्स घेत कोन वाढवत जा, त्याने ४ इंच उरले की हात वर करायचा. तिथे थांबा, उतरा, आणि ट्रेलर आरशात कसा दिसतोय ते लक्षात ठेवा. डाव्या बाजूला हे एक, उजव्या बाजूला दुसरं, उजवीकडे दिसतं कमी म्हणून तिकडे जास्त वेळ द्या. स्लायडर असेल तर हेच सगळं हिच पुढे असताना आणि मागे असताना वेगवेगळं.

जाता जाता ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर वजन करून घ्या, ट्रेलर सामानानिशी भरलेला, घरातले सगळे गाडीत. पावतीवर पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर वेगवेगळे येतात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची बेरीज ट्रकच्या दारावरच्या जीव्हीडब्ल्यूआरशी लावा, मागच्या ॲक्सलचा आकडा त्याच लेबलवरच्या मागच्या ॲक्सलच्या मर्यादेशी. जास्त निघाला तर पिनजवळच्या कप्प्यातलं सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर हलवा आणि परत तोला.